केसपेपर आणि वस्तीची गाडी

26 जून

आज शाहू जयंती. शाळांच्या प्रभातफेऱ्या रस्त्यावर होत्या, त्यामुळं दवाखान्यात लोक जरा उशिराच यायला लागले. साडेनऊपर्यंत खिडकीपुढं चार-दोन माणसं आणि मग एकदम झुंबड. गाड्या लागल्या की माणसं येतात, हे मला कुणी सांगायला नको. राधानगरी आगारात कंडक्टरकी करून निवृत्त झालोय. कुठली गाडी कधी लागते, तिच्यातनं कुठल्या वाडीची माणसं उतरतात आणि त्यांना परत कुठली गाडी धरायची असते, एवढं एकच शास्त्र मला येतं. ग्रामीण रुग्णालयात ते उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

इथं मी काय करतो, असं काल पाहुण्यांनी विचारलं. सांगायला गेलं तर काहीच नाही. केसपेपरच्या खिडकीजवळ उभा राहतो. आलेल्या माणसाला कुठल्या खोलीत जायचं ते सांगतो. रक्त उपाशीपोटी द्यायचंय की जेवून, ते सिस्टरना विचारून त्याला समजेल अशा बोलीत सांगतो. चष्मा विसरलेल्यांच्या चिठ्ठ्या वाचतो. साहेबांनी परवानगी देताना एकच बजावलं होतं, "औषधाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कुणी गोळी दाखवून विचारलं तर औषधाच्या खिडकीकडं बोट दाखवायचं." हे पथ्य मी कसोशीनं पाळतो. गोळ्यांचं ज्ञान वाटायला गावात आधीच पुष्कळ मंडळी आहेत.

ज्या महाराजांनी ह्या गावाला आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं, त्यांच्या नावानं आज दवाखान्यातही हार घातला. प्लेगच्या साथीत लोकांना कोल्हापूर शहराबाहेर माळावर वसवायचं आणि टोचून घ्यायला राजी करायचं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी केलं. टोचून घ्यायला माणूस राजी करणं किती अवघड असतं, ते आमच्या आशाताईंना विचारावं.

1 जुलै

सोमवार, त्यात पावसाची उघडीप. गर्दी मोडता मोडेना.

15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलासुद्धा पैसे पडत नाहीत. तरी म्हाताऱ्या बायका खिडकीशी आल्या की आधी कनवटीला हात घालतात. आज एका आज्जींनी दहाची नोट जबरदस्तीनं आत सरकवली. "फुकाट औषिद लागू पडत न्हाई बाबा," म्हणाल्या. आतल्या पोरानं हसून नोट परत दिली, तर त्यांनी ती माझ्या खिशात कोंबली. शेवटी त्यांच्याच नातवाला चॉकलेटं घेतली.

पण मला जास्त नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. एकट्या येणाऱ्या बायका वाढल्यात. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट. मी ट्रे काखोटीला मारून फिरायचो तेव्हा दवाखान्याला निघालेली बाई हमखास कुणाच्या तरी मागून चढायची, नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या. तिकिटाचे पैसे त्याच्याकडं, म्हणजे कधी जायचं तेही त्यानंच ठरवायचं. आता ती सकाळची भाकरी उरकून, पिशवीत आधारकार्ड टाकून बीपीच्या गोळ्या न्यायला एकटी येते. एसटीच्या सवलतीची नोंद आरोग्य खात्याच्या वहीत कुठं नसते. माझ्या मते असायला पाहिजे.

6 जुलै

दिवसभर कागद.

एका कुटुंबातल्या म्हाताऱ्याला मोठ्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला पाठवायचंय. महात्मा फुले योजनेत बसतं. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. फक्त कागद जुळला पाहिजे. रेशनकार्डावर नाव 'दत्तू', आधारवर 'दत्तात्रय', आडनावाच्या जागी एकीकडं गावाचं नाव चिकटलेलं. मुलगा रडकुंडीला आलेला. तो पुण्यात कंपनीत, दोन दिवसांची रजा काढून आलेला. "आमच्या बाबास्नी आख्खा गाव दत्तूच म्हणतो की ओ. त्यात चूक काय?"

चूक काहीच नाही. गावात माणसाला तीन-तीन नावं असतात. घरातलं एक, तलाठ्याच्या दप्तरातलं दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावरचं तिसरं. आजार मात्र तिघांना मिळून एकच होतो. मुलाला बसवून कागदावर क्रम लिहून दिला. आधी कुठल्या ऑफिसात जायचं, तिथं काय मागायचं, झेरॉक्स किती काढायच्या आणि मग कोल्हापुरात योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला काय दाखवायचं. पोरगं शिकलेलं आहे, मोबाईलवर सगळं बघू शकतं. पण काळजीनं माणसाला वाचलेलं कळत नाही.

डॉक्टरबाई येता-जाता म्हणाल्या, "मामा, तुमचं अक्षर चांगलंय." वे-बिलं लिहून लिहून झालंय ते.

11 जुलै

हे सविस्तर लिहून ठेवतो.

रोप लावणीचे दिवस. दुपारी बाराच्या सुमाराला मोटारसायकलवर मधे बसवून एका बाईला आणलं. वय तिशीच्या आत-बाहेर, पाय पोटरीपर्यंत चिखलानं माखलेले, उजव्या घोट्याच्या वर कासऱ्याचा तुकडा आवळून बांधलेला. तरवा उपटताना पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. मागनं दुसऱ्या गाडीवर दीर आला, हातात खताची पिशवी, त्यात मारलेलं जनावर. डॉक्टरबाईंनी लांबूनच बघून ते बाहेर ठेवायला सांगितलं. "मारत बसू नका हो, तेवढा वेळ जातो. आणि तुम्हाला चावलं तर दोन पेशंट होतील."

बाई घाबरलेली होती, पण बोलत होती. पाय घोट्यापासून फुगायला लागलेला. डॉक्टरबाईंनी दोरी एकदम कापली नाही. आधी सलाईन लावायला सुई टोचून घेतली, सगळी तयारी केली आणि मग सावकाश सैल केली. आवळून बांधलं की विष वर चढत नाही हा आपल्याकडचा ठाम समज. त्यानं पायच जायची पाळी येते. पाय हलू द्यायचा नाही, फळी बांधावी तसा सरळ ठेवायचा आणि गाडीवर घालून दवाखाना गाठायचा, एवढंच करायचं असतं.

मग काचेची नळी. दंडातनं थोडं रक्त काढून सिस्टरनी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडमध्ये उभी केली. "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही," म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं, "मामा, घड्याळ." नळी काचेचीच पाहिजे, प्लॅस्टिकच्या नळीत ही परीक्षा फसते. मी बाकावर बसून काट्याकडं बघत राहिलो. सर्व्हिसमध्ये असताना वीस मिनिटं म्हणजे एक चहा आणि आगारातल्या चार गप्पा. आज ती सरता सरेनात. दारात सासू माझा हात घट्ट धरून सारखं एकच विचारत होती, "भगताकडं न्यायला पायजे हुतं काय ओ?" नवरा भगताकडंच वळणार होता, पण गावातल्या शाळेच्या बाईंनी गाडी आडवून दवाखान्याकडं पिटाळलं, असं नंतर कळलं. त्या बाईंचं नाव कुठं येणार नाही.

वीस मिनिटं झाली. सिस्टरनी नळी हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. गोठायला पाहिजे होतं ते गोठलं नव्हतं. म्हणजे विष रक्तात उतरलं होतं, बहुधा घोणसाचं. त्यानंतर कुणीच काही बोललं नाही, सगळे हात चालायला लागले. लसीच्या दहा कुप्या बाहेर आल्या. कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी सोडून दोन्ही तळहातांत धरून हळू फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. मग ते सगळं सलाईनमध्ये. सुरुवातीला थेंब थेंब, कारण लसीचीच ॲलर्जी यायची भीती असते. डॉक्टरबाई खुर्ची ओढून तिथंच बसल्या.

ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याला विष थोडंथोडं टोचत गेलं की त्याचं अंग सरावतं आणि मग त्याच्या रक्तातनं उतारा काढतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम कैक वर्षं चाललंय. एकाच लसीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवरचा उतारा. आमच्या दाजीपूरच्या रानातल्या हिरव्या चापड्यावर मात्र ती चालत नाही. आणखी एक गोष्ट आज समजली. लहान पोराला चावलं तरी लस मोठ्या माणसाएवढीच द्यायची, कारण साप पोरगं बघून विष कमी सोडत नाही. दिरानं डॉक्टरबाईंना विचारलं, "सरकारनं दिलीया तर भारी आसंल का साधी?" त्या म्हणाल्या, "हीच आहे. भारी आणि साधी असं नसतं."

मी काय केलं? सासूला चहा पाजला. बाईची दोन पोरं शाळेत होती, त्यांना घरी कोण घेऊन जाणार ते फोन करून ठरवलं. म्हशीची धार कोण काढणार तेही. त्या बाईला शुद्धीत राहून पहिली चिंता धारेचीच होती.

12 जुलै

सहा तासांनी पुन्हा नळी लावली, तेव्हा रक्त गोठलं होतं. रात्री मी घरी गेलो होतो, सकाळी सिस्टरनी सांगितलं. बाई बसून पेज पीत होती. लघवी किती होते ते मोजून ठेवतायत, कारण घोणसाचं विष मूत्रपिंडावर जातं.

विषाचा विषय निघाला की मला महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर आठवतात. कोकणातल्या लाल विंचवानं माणसं पटापट मरायची, तेव्हा त्यांनी तिथल्याच दवाखान्यात बसून रुग्ण बघता बघता, प्राझोसिन ह्या रक्तदाबाच्या गोळीनं ती वाचवता येतात हे दाखवून दिलं. 1986 मध्ये लॅन्सेटनं ते छापलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात काय होऊ शकतं ह्याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण ते.

17 जुलै

आषाढी. निम्मा तालुका विठ्ठलाच्या दर्शनाला नंदवाळला. ओपीडी ओस. तरी दुपारी एक काका चक्कर येऊन आले. साखरेचं इंजेक्शन सकाळी घेतलं आणि वर कडक उपवास. साबूदाणासुद्धा नाही, म्हणे, "यंदा निर्जळी." सिस्टरनी साखरपाणी पाजलं. विठ्ठलानं ह्याबद्दल काही मनात धरलं असेल असं वाटत नाही.

25 जुलै

चार दिवस कोसळतोय. धरण भरलं, स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले. राधानगरीच्या ह्या सात दरवाजांना बटण दाबावं लागत नाही की वीज लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उचलतात. एका दरवाजातनं 1428 क्युसेक. टीव्हीवाले 'राधानगरीचे दरवाजे उघडले' म्हणतात, तेव्हा कोल्हापूरचा माणूस पंचगंगेची फुटं मोजतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 इशाऱ्याची, 43 धोक्याची. आम्ही वरची माणसं मोजतो ते रस्ते. खाली भोगावती फुगली की वाटेत कुठंतरी पाणी रस्त्यावर येणार आणि कोल्हापूरची गाडी बंद होणार.

एक डायलिसिसवाले भाऊ आहेत, आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जातात, बुधवार-शनिवार. डायलिसिसच्या पेशंटला साध्या गाडीत तिकीट नाही, एवढीच काय ती त्यांची चैन. आज ते बीपी दाखवायला आलेले. मी म्हटलं, "आजच निघा."

"परवा हाय की शनवार."

"परवा गाडी नसंल."

"रोप राह्यलंय निम्मं. जनावरं कोण बघंल?"

मी वाद घातला नाही, डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. त्यांनी पोटॅशियम वाढलं की हृदय कसं बंद पडतं ते दोन वाक्यांत सांगितलं. भाऊ गप्प झाले. कोल्हापुरात बहीण आहे, तिला मीच फोन लावून दिला. मग स्टँडवर चौकशी केली. गाडी सोडतायत, पण पुढची सुटेल ह्याचा भरवसा नाही. भाऊंची पिशवी घरनं यायला वेळ लागला असता, म्हणून आमच्या घरातला एक टॉवेल आणि माझा शर्ट देऊन बसवलं. ड्रायव्हर ओळखीचा. डबल बेल मीच मारली, हाताला सवय आहे.

26 जुलै

रस्ता बंद.

आशाताईंनी दिवस भरत आलेल्या दोन पोरींना आधीच आणून ठेवलंय. पावसाळ्यात अवघड वाड्यांवरच्या गरोदर बायकांच्या तारखा बघून त्यांना आधीच हलवायचं, अशी इकडं रीतच पडलीय. पोरी कंटाळल्यात. एकीचा नवरा चिखल तुडवत भाकरी घेऊन आला. दवाखान्यात जेवण मिळतं हे त्याला माहीत होतं, तरी आला.

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. बहिणीकडं पोचलेत, उद्या नंबर लागेल. "तुमचा शर्ट ढगळा हुतोय," एवढंच म्हणाले.

पुतण्या कोल्हापुरात असतो. 2019 च्या महापुरात तो व्हाईट आर्मीच्या बचाव पथकातल्या पोरांबरोबर बोटीवर होता. तेव्हा सगळा महाराष्ट्र कोल्हापूर-सांगलीकडं बघत होता, भाकरी-चटणीचे टेम्पो भरून येत होते. फोनवर म्हणाला, "काका, तुमचं काम बसल्या जागेचं." खरं आहे. पुरात धावून जाणाऱ्याला मी कमी लेखणार नाही, मला पोहताही येत नाही. पण पूर ओसरल्यावर, ना टीव्ही ना टेम्पो अशा एखाद्या सोमवारी खिडकीपुढं उभं राहायला माणूस मिळत नाही, हेही त्याला सांगितलं. "बघू," म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ मला कळतो.

3 ऑगस्ट

त्या दत्तात्रय ऊर्फ दत्तू काकांबरोबर थोरल्या दवाखान्यात गेलो होतो. कोल्हापुरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सीपीआर अजून थोरला दवाखानाच. पूर्वी ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. शाहू महाराजांनी विलायतेला शिकायला पाठवलेल्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर तिथंच काम करत. बाई डॉक्टर असते हेच जेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं, तेव्हा पडद्यातल्या बायका त्यांच्याकडं येत असतील. आत शिरताना ते आठवलं आणि पुढच्याच मिनिटाला विसरलो, कारण कुठं वळायचं ते कळेना. तिथं माझी कंडक्टरकी काय कामाची? इमारती पुष्कळ, गर्दी जत्रेची.

एक बाई स्वतःहून पुढं आल्या. हातात डबा, पदर खोचलेला. आम्हाला योजनेच्या टेबलापर्यंत नेलं, सोनोग्राफी कुठं, नंबर कसा लावायचा, पाणी कुठलं प्यायचं, रात्री नातेवाइकानं कुठं पडायचं, सगळं सांगितलं. मला वाटलं कुठल्या संस्थेच्या असतील. तर नाही, त्यांचा मुलगाच वरच्या वॉर्डात पडून होता. अपघात. तीन आठवडे तिथं राहून त्यांना सगळं पाठ झालेलं. "रिकामं बसून डोकं फिरतंय, मग दावती वाट लोकास्नी," म्हणाल्या.

प्रत्येक मोठ्या दवाखान्यात अशी दहा-वीस माणसं असणारच. त्यांना कुणी सेवक म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाहीत. पेशंट घरी गेला की तीही जातात आणि त्यांच्याबरोबर ती सगळी माहितीही जाते.

काकांचा कागद जुळला. पोरगा पुण्याहून पुन्हा रजा काढून आला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली.

9 ऑगस्ट

नागपंचमी. सकाळी बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाकडं, आणि दवाखान्यात मात्र गव्यानं उडवलेला माणूस. उसात शिरलेला गवा हुसकायला गेला होता. बरगडीला मार, हात मोडलेला. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांचं, पण गव्याला हद्द दाखवणार कोण?

इथंही कागदच. वनखात्याची भरपाई मिळायची तर पंचनामा पाहिजे आणि डॉक्टरांचा दाखला. जखमी माणूस कण्हतोय आणि सोबतचे चौघे एकमेकांना विचारतायत की आधी फॉरेस्टला कळवायचं का आधी प्लॅस्टर घालायचं. म्हटलं, प्लॅस्टर डॉक्टर घालतील, तुमच्यातला एक जण आत्ता फोन लावा. चौघांचीही एकाच माणसामागं आत जायची घाई. एकाला बाहेर काढणं हे एसटीत दारातली गर्दी आत सरकवण्याइतकंच अवघड.

जुलैतली ती पान लागलेली बाई आज तपासायला आली होती. पायाची सूज उतरलीय. तिनं वारुळाला जाऊन पूजा केली की नाही, हे सिस्टरनी मुद्दाम विचारलं. "केली की," म्हणाली, "पर ह्या खेपंला लांबनं."

15 ऑगस्ट

झेंडावंदन झालं. फुकट केसपेपरला आज वर्ष झालं, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. साहेबांनी जिलेबी मागवली होती.

चहाच्या वेळेला मी लॅबच्या ताईंपुढं एक गोष्ट काढली. बरेच दिवस मनात होती. रक्ताचे नमुने ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं त्या लावतात, ते रीतसरच आहे. पण राधानगरी गावातला माणूस रिपोर्ट संध्याकाळी येऊनही नेऊ शकतो. काळम्मावाडीपलीकडं वाकीघोलात राहणाऱ्या माणसाची दुपारची गाडी हुकली तर वस्तीच्या गाडीशिवाय त्याला काही नाही. ती अंधार पडल्यावर पोचते आणि तिथनं पुढं वाडीपर्यंत पायी. म्हणून लोक रिपोर्ट न घेताच निघून जातात. डॉक्टर म्हणतात पेशंट परत आला नाही. तो बिचारा स्टँडवर उभा असतो.

ताईंनी थोडा विचार केला. "पण मामा, कोण कुठल्या गावचं ते मला आत बसून कसं कळणार? आणि गाड्यांच्या वेळा?"

गाड्यांच्या वेळांचं मी बघतो, म्हटलं. ठरलं ते असं. केसपेपर निघाला की वरच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं गाडीची वेळ लिहायची, ज्याची गाडी आधी त्याची नळी आधी. ज्याला खरंच तातडी आहे त्याला डॉक्टर वर 'तातडीचं' लिहितीलच, त्याच्यापुढं कुणाची गाडी चालणार नाही. साहेब म्हणाले, आठ दिवस करून बघा, गोंधळ झाला तर बंद.

उद्या स्टँडवर जाऊन वेळा पुन्हा एकदा ताडून बघायच्यात. आणि पेन्सिली घ्यायच्यात, दवाखान्यातल्या दोन्ही कुणीतरी नेल्या.